वाट कोणी दिली

दोन बँड रस्त्यात समोरासमोर आले, की एकाने गप्प व्हायचं आणि दुसऱ्याला वाजवत पुढे जाऊ द्यायचं, हा बँडवाल्यांचा जुना रिवाज. गप्प कोणी व्हायचं? तर लहान बँडने. आणि लहान कोण? इथेच घोडं पेंड खातं, कारण स्वतःला लहान समजणारा बँड अजून कुणी पाहिलेला नाही.

मास्तरांचा बँड एका लग्नाची मिरवणूक घेऊन चालला होता. पुलापलीकडचा बँड एका दुकानाच्या उद्घाटनाहून वाजवत परतत होता. दोघांची गाठ पडली ती कापडबाजाराच्या वळणावर, जिथे दोन हातगाड्यासुद्धा एकमेकींना शिव्या दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. दोन्ही बँडनी गाल फुगवून जोर लावला. मग कुणी कुणाला ढकललं, कुणाची टोपी उडाली, आणि त्या गदारोळात पुलापलीकडच्या ट्रम्पेटवाल्याचे पुढचे वरचे दोन दात गेले. संध्याकाळपर्यंत मास्तरांसकट बाराही वादक लाल कोट आणि सोनेरी झालरींसह पोलीस ठाण्यात बसले होते.

दात तुटला की कायदा त्याला गंभीर दुखापत म्हणतो. बँडवाले त्याहून पुढे जातात. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात म्हणजे त्यांच्या लेखी सुताराचे दोन्ही हात. त्यामुळे ही बातमी ऐकली तेव्हा मास्तरांच्या बायकोच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "वरचे की खालचे?" आणि वरचे हे कळल्यावर ती खालीच बसली. नवऱ्याला पकडलंय हे तिच्या डोक्यात शिरायला आणखी थोडा वेळ लागला.

हिला सगळा बँड वहिनी म्हणायचा, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. घराच्या खालची शटरवाली खोली तालमीची, वरच्या दोन खोल्या संसाराच्या, आणि जिन्यावर बारा कोट वाळत घातलेले, असं तिचं आयुष्य गेली कित्येक वर्षं मजेत चाललं होतं. आता खाली सामसूम. इतकी वर्षं त्या आवाजाच्या नावाने बोटं मोडली, आणि आता त्याच्याशिवाय तिला घास गोड लागेना.

वकीलबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं. "वहिनी, तुमच्या लोकांनी एक गाढवपणा केलाय. सगळ्यांनी मिळून ठरवलंय म्हणे, की एकच अर्ज करायचा, सुटू तर सगळे सुटू."

"मग त्यात वाईट काय? एकीच आहे ना?"

"एकी लग्नात दाखवा. जामिनाच्या वेळी तीच गळ्याशी येते. सरकार पक्ष आधीच म्हणतोय, की हा एक जमाव, सगळे एकाच माळेचे मणी, एकाने मारलं म्हणजे बाराजणांनी मारलं. आणि तुम्ही वर लिहून देणार, हो हो, आम्ही सगळे एकच. मला बारा अर्ज पाहिजेत. कोण कुठे उभा होता, कोणाच्या हातात काय होतं, कोणी काय केलं, सगळं वेगवेगळं. क्लॅरिनेटवाला, झांजवाला, मोठा ड्रमवाला, यांचं मी बघते. ड्रमवाल्याच्या पोटावर एवढा मोठा ड्रम, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, तो कोणाला काय मारणार? घोळ आहे तो मास्तरांचा."

त्यांनी एक फोटो पुढे सरकवला. कुणीतरी गच्चीतून मोबाईलवर सगळं टिपलं होतं, त्यातलं एक दृश्य पोलिसांनी कागदांना जोडलं होतं. लाल कोटांच्या पुढे मास्तर, उजवा हात डोक्याच्या वर, मूठ घट्ट आवळलेली.

"पोलीस म्हणतात, ही चिथावणी. मास्तरांनी मूठ वर केली आणि लगेच मारामारी पेटली. असं असेल तर जामीन विसरा. जमावात हात उचलणारा एकवेळ सुटतो, पण इशारा देणारा सुटत नाही."

वहिनी फोटो बघून हसली. "अहो, ही तर थांबायची खूण. उघडा हात वर म्हणजे सुरू करा, मूठ म्हणजे बंद. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल."

"मग मास्तर तसं का सांगत नाहीत? मी तुरुंगात जाऊन तीनदा विचारलं. नुसते खाली बघतात. म्हणतात, हात वर केला होता, कशाला ते विचारू नका."

इथे मात्र वहिनीचं हसू मावळलं. कारण मूठ म्हणजे बंद, हे खरंच. पण पुलापलीकडच्यांसमोर आपला नवरा वाजवणं बंद करेल? नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. तापाने फणफणलेला असताना एकदा त्यांच्यासमोर पाऊण तास उभा राहून वाजवलं होतं त्याने, आणि घरी येऊन पालथा पडला होता. मग ती मूठ कसली? ती फोटोकडे बघत राहिली. आपल्या माणसानेच पेटवलं असेल तर?

"बाहेरचं कुणी सांगणारं हवं," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही बायको, ते आरोपी. तुमच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नाही."

आता पुढे वहिनीने जे केलं, ते फक्त बँडवाल्याची बायकोच करू जाणे. फुंकणाऱ्याचं तोंड दुखावलं, की दुसऱ्या फुंकणाऱ्याच्या घरून कुणीतरी बघायला जायचंच, मग तो मित्र असो की वैरी. मास्तर आत होते, म्हणून ती गेली. जाताना पेटीतून मास्तरांचा रुंद कडेचा माउथपीस घेतला. हिरडी सुजली होती तेव्हा त्यांनी तोच वापरला होता, कारण त्याचा दाब दातांवर कमी येतो. कोर्ट, खटला, मूठ यातलं तिच्या मनात काही नव्हतं. म्हणजे, दारात पोचेपर्यंत होतं. पण तोंडावर पट्टी बांधून खिडकीशी बसलेला तो धिप्पाड माणूस बघितल्यावर तिला आपलं काम काढायची लाज वाटली.

त्याच्या बायकोने तिला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. ट्रम्पेटवाल्याने माउथपीस उलटसुलट करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला.

"सूर येतोय का?" वहिनीने विचारलं.

"खालचे येतात," तो पट्टीआडून म्हणाला. "वरचा फुटतो."

"येईल. घाई करू नका, भाऊ."

एवढं बोलून ती उठली. परतताना तिला फार बरं वाटत होतं, आणि त्या भरात तिने सरळ वकीलबाईंकडे जाऊन हे सांगितलं. वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"तुम्ही फिर्यादीच्या घरी गेलात? आरोपीची बायको? वस्तू घेऊन? वहिनी, साक्षीदारावर दबाव म्हणतात याला. जामीन नाकारायला कोर्टाला दुसरं काही लागत नाही. स्वतःच्या हाताने धोंडा घेतलात आणि मास्तरांच्या पायावर घातलात."

त्यानंतर सुनावणीपर्यंत वहिनीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्याची विचारपूस करायला गेलीस, आता स्वतःचा नवरा आतच बसेल, असं ती स्वतःला म्हणायची, आणि पुन्हा कोटांची बटणं घट्ट करायला घ्यायची. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी, पंखा डुगडुगणारा. मागच्या बाजूला लाकडी कठड्याआड बारा जण उभे होते. वहिनीने मास्तरांना पाहिलं. दाढी वाढली होती, कॉलर मळली होती. त्यांनी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्याशेजारी लांब्या, ट्रॉम्बोनवाला, साडेसहा फुटी माणूस, आज मान खाली घालून चार फुटांचा झाला होता. आणि पहिल्या बाकावर पुलापलीकडचा ट्रम्पेटवाला बसला होता.

सरकारी वकील उठले. चांगले उंच आवाजाचे गृहस्थ होते, बँडमध्ये असते तर पुढच्या ओळीत शोभले असते.

"साहेब, जमाव होता. गणवेश एक, उद्देश एक, आणि म्होरक्याच्या एका इशाऱ्यावर सगळे तुटून पडले. कोणी मारलं आणि कोण नुसता उभा होता, हे वेगळं काढायची गरज नाही."

"दोषी कोण ते ठरवायची वेळ येईल तेव्हा तुमचं हे म्हणणं ऐकेन," जजसाहेब शांतपणे म्हणाले. वयस्कर होते, आणि घाई हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. "आज प्रश्न एवढाच आहे, की खटला उभा राहीपर्यंत यांना आत ठेवायची गरज आहे का. पळून जातील का, पुराव्याला हात लावतील का, आणि प्रत्येकाने नेमकं केलं काय. बारा माणसं आहेत, तर बारा वेळा विचार करावा लागेल. बसायला वेळ आहे माझ्याकडे."

मग ते एकेकाचं नाव घेऊन विचारत गेले, याच्याविरुद्ध काय आहे? झांजवाल्याविरुद्ध काही नव्हतं, तो तिथे होता एवढंच. क्लॅरिनेटवाल्याविरुद्धही तेच. ड्रमवाल्याचा फोटो बघून साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. वहिनीचा जीव जरा भांड्यात पडला, आणि तेवढ्यात मास्तरांची पाळी आली.

"या आरोपीने इशारा दिला," सरकारी वकील म्हणाले, "आणि एवढ्यावर हे थांबलेलं नाही, साहेब. याची पत्नी फिर्यादीच्या घरी भेटवस्तू घेऊन गेली होती. शेजाऱ्यांनी पाहिलं आहे. आत असताना हे चाललंय, बाहेर आल्यावर काय होईल?"

खोलीतल्या सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. मास्तरांचीही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. वकीलबाई उठल्या, पण साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि पहिल्या बाकाकडे बघितलं.

"तुम्ही सांगा. या बाई तुमच्याकडे काय बोलल्या?"

ट्रम्पेटवाला उभा राहिला. दात नसल्यामुळे त्याच्या बोलण्यातून वारा सुटत होता, आणि त्याची त्यालाच शरम वाटत होती. "सूर येतो का, एवढंच विचारलं, साहेब. केसचं अक्षर काढलं नाही. मलाच वाटलं होतं काढतील म्हणून." तो घुटमळला. "त्या मुठीचं म्हणताय ना, साहेब, ती थांबायची मूठ. सगळ्या बँडमध्ये तशीच असते. मास्तरांनी आम्हाला वाट दिली होती."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"तोंड बांधलं होतं, साहेब. कोणी मारलं, एवढंच त्यांनी विचारलं. मुठीचं कोणी विचारलंच नाही."

"बघा," सरकारी वकील म्हणाले. "एका भेटीत फिर्यादी फिरला."

आणि हेच तर वहिनीच्या जिव्हारी लागलं. एकटा हा माणूस खरं सांगणारा, आणि तिच्या पायगुणाने त्याचा शब्द खोटा ठरत होता. ती गेली नसती तर? तिने पदर तोंडाशी धरला. रडायचं नाही असं तिने बजावून ठेवलं होतं, पण डोळे कोणाचं ऐकतात थोडेच.

जजसाहेबांनी चष्मा पुसला. "बरं. यांचा शब्द आपण बाजूला ठेवू, ना यांच्या बाजूने धरू, ना त्यांच्या. व्हिडिओ आहे ना तुमच्याकडे? लावा."

तपास अधिकाऱ्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. पडद्यावर लाल कोट, पुलापलीकडच्यांचे निळे कोट, गर्दी. मास्तरांची मूठ वर गेली, आणि लगेच सगळं एकमेकांत मिसळलं. खोलीत मात्र पंख्याची डुगडुग सोडून काही ऐकू येत नव्हतं.

"दोन बँड वाजतायत," साहेब म्हणाले, "आणि मला काहीच ऐकू येत नाही. माझे कान गेले की काय?"

"आवाज बंद केलाय, साहेब," अधिकारी अदबीने म्हणाला. "कोर्टात गोंगाट बरा दिसत नाही म्हणून."

"होऊ द्या गोंगाट. पहिल्यापासून लावा."

आवाज सुटला तसा शिरस्तेदार दचकला. दोन वेगवेगळी गाणी एकमेकांच्या उरावर बसली होती. मग पडद्यावर मूठ वर गेली, आणि त्याच क्षणी एक गाणं कापल्यासारखं थांबलं. फक्त मोठा ड्रम एक ठोका जास्त वाजला. तो नेहमीच वाजायचा. बाकी लाल कोट गप्प. निळ्यांचा सूर एकटाच चढत गेला, आणि मग त्यांच्यातून एक लांबलचक "होऽऽ" उठला, जिंकल्याचा.

वहिनीने मास्तरांकडे पाहिलं. ते चोरी पकडल्यासारखे जमिनीकडे बघत होते, कानापर्यंत लाल. आता तिला सगळं उमगलं. हा माणूस पुलापलीकडच्यांना वाट देऊन बसला होता. गल्ली चिंचोळी, मिरवणुकीत म्हातारी माणसं, कुणी चेंगरेल म्हणून दिली असेल. आणि ते कबूल करण्यापेक्षा याला तुरुंग परवडला. वेडा माणूस. इतका अभिमान तिला त्याचा कधी वाटला नव्हता, आणि इतका रागही.

त्या "होऽऽ"ने मात्र एकाचं डोकं फिरलं होतं. पडद्यावर एक लांबलचक हात पुढे आला, हातात ट्रॉम्बोनची लांब पितळी नळी. ट्रम्पेटवाल्याच्या तोंडाला ट्रम्पेट लागलेलंच होतं, त्यावरच तिचा फटका बसला. आणि गर्दीतून मास्तरांचा घसा फाटेस्तोवर ओरडलेला आवाज आला, "तोंड सांभाळा रे त्याचं! तोंडावर नको! तोंडावर नको!"

अधिकाऱ्याने व्हिडिओ थांबवला.

"साहेब," सरकारी वकील उठले, पण आधीचा जोर आता नव्हता. "तोंडावर नको, याचा अर्थ इतर ठिकाणी मारा, असाही होऊ शकतो."

"होऊ शकतो," साहेब म्हणाले. "तुम्हाला खरंच तसं वाटतं का?"

सरकारी वकिलांनी ट्रम्पेटवाल्याकडे पाहिलं, मग कागदांकडे, आणि ते खाली बसले. माणूस वाईट नव्हता.

कठड्यामागून एकदम लांब्या बोलला. "मास्तरांनी थांबवलं होतं, साहेब. मीच नाही..."

"तू गप्प राहा," साहेब कडक आवाजात म्हणाले. "तुझ्या भल्याचं सांगतोय. तुझे वकील बोलतील."

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. दहा जणांविरुद्ध हजर असण्यापलीकडे काही नाही, त्यांना जामीन. मास्तरांनी जमावाला चिथावलं नसून आवरायचा प्रयत्न केला असं आज तरी दिसतं, त्यांनाही जामीन. लांब्याचा अर्ज फेटाळला. थांबायला सांगितल्यावर त्याने मारलं, आणि तपास अजून बाकी आहे. आरोपपत्र दाखल झाल्यावर त्याने पुन्हा यावं. ज्या आवाजाने मास्तर सुटले त्याच आवाजाने लांब्या अडकला, हे सगळ्यांना कळलं, आणि सुटलेल्यांपैकी एकाच्याही तोंडावर हसू उमटलं नाही.

"आणि अट," साहेब म्हणाले. "सुटलेल्यांनी फिर्यादीला भेटायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, स्वतः नाही आणि घरच्यांमार्फत नाही. बाई, तुमचा हेतू मला समजला. पण पुन्हा जाऊ नका."

"नाही जाणार, साहेब," वहिनी म्हणाली. तिला त्या क्षणी काहीही कबूल करायला सांगितलं असतं तरी तिने केलं असतं.

संध्याकाळी तुरुंगाच्या दारात मास्तर बाहेर आले. पिशवी तिच्या हातात देत म्हणाले, "लांब्याच्या अर्जाचं आजच बोलून ठेवायला हवं."

"बोललेय मी. आणि त्याच्या आईकडे जेवण पोचवलंय." तिने पिशवी खांद्याला अडकवली. "रागावलात का माझ्यावर? गेले होते म्हणून?"

"गेली नसतीस तर रागावलो असतो," मास्तर म्हणाले. "सूर येतो का त्याला?"

"वरचा फुटतो म्हणाला."

त्या दिवशी मास्तर पोटभर जेवले, वहिनीने दोनदा वाढलं, आणि ती अंथरुणावर पडली तेव्हा घर पुन्हा घरासारखं वाटत होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, दोघं खालच्या खोलीत होती. शटर ओढलेलं होतं. लांब्याचं आरोपपत्र येऊ घातलं होतं, आणि या वेळी त्याचं काम होईल असं वकीलबाई म्हणत होत्या. मास्तर आपल्या ट्रम्पेटच्या कळांना तेल देत होते, वहिनी झालर शिवत होती. अचानक बाहेर, अगदी शटरला लागून, ट्रम्पेट वाजलं.

खालचे सूर गोल, भरलेले. मग चढण, आणि वरचा सूर फुटला. पुन्हा खालून सुरुवात, पुन्हा तिथेच फुटला.

मास्तर उठून शटरपाशी गेले.

"अहो, अट," वहिनी हळूच म्हणाली.

त्यांनी कुलपावरचा हात काढला. बाहेर तिसऱ्यांदा सूर फुटला. "दाबतोय," ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले. "ओठ दाबून सूर काढायला बघतोय. दात असताना चालतं ते. आता श्वासावर घ्यायला पाहिजे त्याने."

"हे मला सांगून काय उपयोग?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. स्टूल ओढून शटरकडे तोंड करून बसले, ट्रम्पेट उचललं, आणि तीच ओळ वाजवली, शिकाऊ माणसाला दाखवावी तशी सावकाश. वरच्या सुराआधी थांबले. बाहेर ऐकू जाईल असा मोठा श्वास घेतला, आणि सूर नुसता वर ठेवून दिला, जराही न दाबता.

बाहेरून श्वास ऐकू आला, आणि खालून पुन्हा चढण. फुटला, पण आधीपेक्षा कमी. मास्तरांनी परत वाजवून दाखवलं. परत बाहेरून उत्तर. वहिनीने दाताने दोरा तोडला. भेटायचं नाही, बोलायचं नाही, असं साहेब म्हणाले होते, आणि तिने सगळा हुकूम कान देऊन ऐकला होता. वाजवायचं नाही, असं त्यात कुठे नव्हतं. ती सुईत नवा दोरा ओवू लागली.

कितव्या खेपेला कोण जाणे, बाहेरचा सूर चढला आणि वर टिकला. बारीक होता, थरथरत होता, पण टिकला.

"आला," मास्तर म्हणाले, आणि ट्रम्पेट मांडीवर ठेवून ऐकत राहिले.